प्रतीचा ताळा : लिनक्सची चकती बिनचूक कशी लिहावी

जुन्या संगणकावर लिनक्स बसवून द्या, असे म्हणत चिपळूण तालुक्यातली माणसे अलोऱ्याला माझ्याकडे येतात. त्यांतले पुष्कळ जण सीडी किंवा डीव्हीडी आधीच तयार करून आणतात. फाइल उतरवून घेतलेली असते, ती चकतीवर टाकलेली असते, आणि तक्रार ठरलेली असते : चकती घातली तरी संगणक तिच्याकडे ढुंकून बघत नाही, सरळ जुने विंडोज सुरू होते. अशी चकती उघडून पाहिली की आत बहुतेक वेळा एकच मोठी फाइल दिसते आणि तिच्या नावाच्या शेवटी आयएसओ ही अक्षरे असतात. फाइल खरी असते, चकतीही चांगली असते. तरीही त्या चकतीचा लिनक्स बसवायला काही उपयोग नसतो.

असे का होते, हा प्रश्न वरवर तांत्रिक आणि किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो प्रतीचा प्रश्न आहे. मूळ एके ठिकाणी, प्रत दुसरीकडे, आणि दोन्ही अक्षरशः एक आहेत याची खात्री कशी करायची? मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती याच प्रश्नापायी. नकलांच्या नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले, तेव्हा प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवावा लागला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर घालवली, तीही यासाठीच.

या प्रश्नाला व्यवहाराची धारही आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सर्वसाधारणपणे थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. शाळांच्या संगणक-खोल्यांत, वाचनालयांत, पतसंस्थांत आणि घरोघरी अशी यंत्रे आहेत. ती बिघडलेली नाहीत. लिनक्स बसवले तर त्यांतली बरीचशी आणखी काही वर्षे कामाला येतील. तिथवर पोहोचायचे तर पहिली पायरी म्हणजे बिनचूक लिहिलेली चकती किंवा पेनड्राइव्ह. बहुतेकांचा पाय तिथेच घसरतो.

फर्मा आणि पुस्तक

आयएसओ फाइल म्हणजे काय, हे छापखान्याच्या उदाहरणाने चांगले समजते. सोळा पानांचा फर्मा छापताना कागदाच्या मोठ्या तावावर पाने क्रमाने नसतात. पहिल्या पानाशेजारी सोळावे येते, काही पाने उलटी असतात. ताव ठरलेल्या पद्धतीने दुमडला आणि कापला की मगच पाने क्रमाने लागतात. तावावर कोणते पान कुठे आहे, याला सारे महत्त्व. पान एक इंचही सरकले तर पुस्तक बिघडते.

आयएसओ फाइलमध्ये संपूर्ण चकतीचा असाच ताव असतो. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत चकतीवर कुठे काय असायला हवे, ते त्याच क्रमाने तीत लिहिलेले असते. म्हणून तिला इमेज, म्हणजे प्रतिमा म्हणतात. ती चकतीवर उतरवायची म्हणजे फाइलचा पहिला बाइट चकतीच्या पहिल्या जागी, दुसरा दुसऱ्या जागी, असे शेवटपर्यंत. हीच फाइल गाणी किंवा फोटो टाकतो तशी ओढून चकतीवर टाकली, तर संगणक त्या चकतीची स्वतःची नवी मांडणी करतो आणि आपली आयएसओ फाइल तिच्यात एक वस्तू म्हणून ठेवतो. न दुमडलेला ताव गुंडाळून पुस्तकाच्या कपाटात ठेवावा, तसे हे होते. कपाटात मजकूर सगळा आहे, पण वाचायला पुस्तक नाही.

विंडोज एक्सपीच्या काळात ही चूक अपरिहार्यच होती. त्यात सीडी लिहिण्याची सोय होती, पण इमेज उतरवण्याची नव्हती. त्यासाठी निरो किंवा इमेजबर्नसारखा वेगळा प्रोग्रॅम लागे आणि त्यातही 'इमेज लिहा' हा पर्याय शोधून काढावा लागे. २००९ च्या विंडोज ७ पासून फाइलवर माउसचे उजवे बटण दाबल्यावर चकतीप्रतिमा लिहिण्याचा पर्याय मिळू लागला. लिनक्समध्ये के३बी आणि ब्रासेरो हे प्रोग्रॅम हेच काम करतात. नाव कोणतेही असो, शोधायचा शब्द 'इमेज' आहे. 'डेटा सीडी' हा पर्याय निवडला तर पुन्हा कपाटातला गुंडाळलेला ताव.

सतरावा खण

चूक कुठे घडते ते नेमके पाहायचे तर चकतीची रचना थोडी आत जाऊन पाहावी लागते. सीडी १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सलग नागमोडी रेघ असते. शेजारशेजारच्या वेढ्यांत फक्त १.६ मायक्रोमीटर अंतर असते, आणि ही रेघ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. रेघ लहान लहान खणांत विभागलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात.

सीडी मुळात गाण्यांसाठी १९८२ साली बाजारात आली, म्हणून तिचे माप आजही मिनिटांत सांगतात. एका सेकंदात ७५ खण. ८० मिनिटांच्या चकतीत ८० गुणिले ६० गुणिले ७५, म्हणजे ३,६०,००० खण. प्रत्येक खणात २,३५२ बाइट मावतात, पण संगणकाची माहिती त्यांतल्या २,०४८ बाइटांतच ठेवतात. उरलेल्या ३०४ पैकी २७६ बाइट केवळ चूक दुरुस्त करण्यासाठी असतात. गाण्यात एखादा बाइट बिघडला तर कानाला कळतही नाही. प्रोग्रॅममध्ये एक बिघडला तर सगळेच अडू शकते. म्हणून मूळ मजकुराला जोडून त्याच्यावरूनच काढलेला जादा मजकूर लिहून ठेवतात. वेदपाठाच्या परंपरेत हीच युक्ती फार पूर्वी सापडली होती. घनपाठात तेच शब्द एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे पुनःपुन्हा येतात. एखादा शब्द चुकला तर तो बाकीच्या जागी उघडा पडतो.

आता आयएसओ या नावाकडे वळू. १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने सीडीवरच्या फायलींच्या मांडणीसाठी एक मानक ठरवले. त्याचा क्रमांक ९६६०. त्या मानकाप्रमाणे चकतीचे पहिले सोळा खण मोकळे सोडायचे. मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे हे खण शून्य ते पंधरा. सोळाव्या खणात चकतीची मुख्य ओळख लिहायची. पुढे जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी चकतीवरून संगणक सुरू करण्याची रीत ठरवली. तिचे नाव एल टोरिटो. कॅलिफोर्नियातल्या एका उपाहारगृहावरून ते पडले. या रीतीत सतराव्या खणात एक ठरलेली खूण असते, आणि सुरुवातीचा प्रोग्रॅम चकतीवर कुठे आहे त्याचा पत्ता त्या खणातून मिळतो.

संगणक चालू केल्यावर त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, सतराव्या खणाकडे जातो. त्याला फायली आणि फोल्डर कळत नाहीत. त्याला ठरलेली जागा कळते. इमेज बरोबर उतरली असेल तर तिथे खूण सापडते आणि लिनक्स सुरू होते. इमेज फाइल म्हणून टाकली असेल तर चकतीच्या सतराव्या खणात नव्या मांडणीचे काहीतरी असते, आणि आपल्याला हवी असलेली खूण पुढे कुठेतरी फाइलच्या पोटात अडकलेली असते. बायोस पाहतो, खूण नाही असे ठरवतो आणि हार्ड डिस्ककडे वळतो. समोर विंडोज उभे राहते ते यामुळे.

म्हणून चकती तयार झाल्यावर पहिली परीक्षा साधी आहे. ती फाइल-व्यवस्थापकात उघडून पाहावी. आत अनेक फोल्डर आणि फायली दिसल्या तर इमेज उतरली आहे. एकच आयएसओ फाइल दिसली तर ती चकती बाजूला ठेवावी.

नवाचा ताळा आणि दोनशे छप्पन बिटांचा ताळा

परंतु इमेज उतरवायच्या आधी ती फाइलच अखंड आली आहे का, हे पाहायला हवे. टेलिफोनवरून इंटरनेट घेण्याच्या काळात ५६ केबीपीएसच्या मोडेमवर ७१,६८,००,००० बाइटांची एक सीडी उतरवायला, वेग पूर्ण मिळाला असता तरी, २८ तासांहून अधिक लागत. मध्ये लाइन तुटे. आज वेग वाढला आहे, पण पावसाळ्यात वीज जाते, मोबाइलची रेंज जाते आणि फाइल अर्धवट राहते. तिचे नाव मात्र पूर्ण फाइलसारखेच दिसते.

जुन्या हिशेबनिसांकडे यासाठी ताळा होता. ४,८२७ आणि ३,१५६ यांची बेरीज ७,९८३. ताळा पाहायचा तर अंकांची बेरीज करायची. पहिल्या संख्येची २१, म्हणजे ३. दुसरीची १५, म्हणजे ६. दोन्ही मिळून ९. उत्तराची बेरीज २७, म्हणजे ९. ताळा जमला. यात एक उणीव आहे. घाईत ७,९८३ ऐवजी ७,९३८ लिहिले तरी अंकांची बेरीज २७ च येते. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही.

संगणकाचा ताळा ही उणीव भरून काढतो. संपूर्ण फाइल एका गणिती क्रियेतून काढली की ठरावीक लांबीची एक संख्या मिळते. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची एमडी५ ही रीत १९९२ साली प्रसिद्ध झाली. तिचा ताळा ३२ चिन्हांचा असतो. आता वापरात असलेल्या एसएचए-२५६ चा ६४ चिन्हांचा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ही चिन्हे ओळखू येणार नाहीत इतकी बदलतात, आणि बाइटांची अदलाबदल झाली तरी बदलतात. दोनशे छप्पन बिटांत मावणाऱ्या वेगवेगळ्या संख्या किती, तर ती संख्या लिहायला ७८ अंक लागतात. दोन निराळ्या फायलींचा ताळा योगायोगाने एक येईल, ही भीती व्यवहारात सोडून द्यावी.

लिनक्स पुरवणाऱ्या प्रत्येक जबाबदार संकेतस्थळावर इमेजशेजारी तिचा ताळा दिलेला असतो. आपल्या संगणकावर तो काढायचा असेल तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'एसएचए२५६सम' हा आदेश आणि पुढे फाइलचे नाव द्यावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर 'सर्टयूटिल' हा आदेश आहे. त्याला 'हॅशफाइल' हा पर्याय, फाइलचे नाव आणि एसएचए२५६ ही रीत सांगावी लागते. दोन-तीन मिनिटांत ६४ चिन्हे समोर येतात. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताडून पाहावीत. फरक निघाला तर फाइल पुन्हा उतरवावी. बिघडलेली इमेज कितीही काळजीने लिहिली तरी चकती बिघडलेलीच निघणार.

इथे आणखी एक धोका आहे आणि तो योगायोगाचा नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय वितरणाच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली. १७.३ आवृत्तीच्या सिनॅमन प्रकाराची लिंक बदलून ती चोरदरवाजा ठेवलेल्या इमेजकडे वळवण्यात आली. मिंटच्या चमूने दुसऱ्याच दिवशी हे जाहीर केले आणि खऱ्या फायलींचे ताळे छापून लोकांना ताडून पाहायला सांगितले. ज्यांनी ताडले त्यांना खोटी प्रत ओळखता आली. पण घुसखोराला लिंक बदलता येते, तर त्याच पानावरचा ताळाही बदलता येतो. शिवाय २००४ साली वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ चा ताळा एकच येईल अशा दोन वेगळ्या फायली बनवून दाखवल्या. म्हणून आता ताळ्यांच्या यादीवर वितरणाची डिजिटल सही असते. ती जीपीजी नावाच्या प्रोग्रॅमने तपासता येते. ताळ्यामुळे मजकूर अखंड असल्याचे कळते, सहीमुळे तो कोणाकडून आला ते कळते. नक्कल तंतोतंत आहे आणि ती मूळ पोथीवरूनच केली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

लिहिताना

कोऱ्या सीडीत पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि त्यावर परावर्तन करणारा धातूचा थर. लिहिताना ७८० नॅनोमीटरचा लेझर त्या रंगद्रव्याला ठिकठिकाणी तापवतो आणि तेवढ्या जागेची चमक कायमची बदलते. बर्न करणे हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. एकदा तापलेली जागा पूर्ववत होत नाही, म्हणून चुकलेली सीडी-आर वाया जाते. सीडी-आरडब्ल्यूचा थर वेगळा असतो. तो पुसून पुन्हा लिहिता येतो, पण त्याची चमक कमी असल्याने जुन्या ड्राइव्हना ती वाचायला जड जाते.

वेगाचा प्रश्न नेहमी विचारला जातो. चकतीवर ४८ पट, ५२ पट असे आकडे असतात. एक पट म्हणजे सेकंदाला ७५ खण. लिहिणारा ड्राइव्ह आणि वाचणारा ड्राइव्ह वेगळे असतील, त्यातून वाचणारा जुना असेल, तर सर्वोच्च वेगाने लिहू नये. खुणांच्या कडा अस्पष्ट राहिल्या तर लिहिणाऱ्याला त्या वाचता येतात, दुसऱ्याला येत नाहीत. सर्वांत कमी वेगच उत्तम, असेही नाही. नव्या चकत्यांचे रंगद्रव्य जास्त वेगासाठी बनवलेले असते. छापील वेगाच्या निम्म्याच्या आसपास लिहिले की बहुतेक ठिकाणी काम होते.

लिहिताना माहितीचा ओघ तुटला तर पूर्वी चकती वाया जाई. २००० साली सान्यो कंपनीने यावर बर्न-प्रूफ हा उपाय आणला, आणि पुढच्या ड्राइव्हांत तशी सोय सर्रास आली. तरी लिहीत असताना दुसरी जड कामे न करणे बरे. शेवटी चकती बंद करण्याचा, म्हणजे फायनलाइझ करण्याचा पर्याय असेल तर तो ठेवावा. सगळी चकती एका दमात लिहिणारा 'डिस्क ॲट वन्स' हा प्रकार इमेजसाठी सर्वांत योग्य.

चकतीच्या वरच्या बाजूवर बॉलपेनने लिहू नये. सीडीचा धातूचा थर वरच्या बाजूलाच, केवळ लाखेच्या एका पातळ लेपाखाली असतो. खालच्या जाड प्लॅस्टिकवर पडलेला ओरखडा कधी कधी पुसून काढता येतो, वरून थर खरवडला गेला तर तिथला मजकूर गेलाच. पाण्याच्या शाईचे मऊ मार्कर वापरावे.

उलट तपासणी

लिहून झाल्यावर चकतीवरचा मजकूर परत वाचून त्याचा ताळा काढावा आणि मूळ फाइलशी ताडावा. बहुतेक प्रोग्रॅमांत 'व्हेरिफाय' असा पर्याय असतो. तो चालू ठेवला की वेळ साधारण दुप्पट लागतो, आणि तो वेळ वाया गेलेला नसतो.

हातानेच ताळा काढणाऱ्यांना इथे एक विचित्र अनुभव येतो. चकती व्यवस्थित चालते, पण तिचा ताळा मूळ फाइलशी जुळत नाही. कारण असे, की काही पद्धतींनी लिहिताना मजकुराच्या शेवटी ड्राइव्ह दोन-चार रिकामे खण जोडतो. सबंध चकती वाचली तर तेही खण ताळ्यात येतात, किंवा तिथे वाचताना चूक दाखवली जाते. उपाय हिशेबाचा आहे. फाइलच्या बाइटांना २,०४८ ने भागायचे. ७१,६८,००,००० भागिले २,०४८ म्हणजे ३,५०,०००. चकतीवरचे नेमके साडेतीन लाख खण वाचायचे आणि तेवढ्यांचाच ताळा काढायचा. मग ६४ चिन्हे जुळतात.

दुसरी सोय चकतीवरच असते. फेडोरा, उबुंटू यांसारख्या वितरणांत चकती सुरू होताना ती स्वतःची तपासणी करू शकते. अनोळखी माणसाकडून चकती मिळाली असेल तर संगणकात काही बदल करण्याआधी ही तपासणी जरूर करावी. ती केली नाही तर चूक फार उशिरा कळते. हार्ड डिस्कवरचे जुने सगळे पुसून झालेले असते, नवे अर्धे बसलेले असते आणि मग एखादा खण वाचता येत नाही.

म्हणून बसवण्याआधी आपल्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या जागी असायलाच हवी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले, तसे ते २००५ च्या पुरातही शिरले होते. एकुलती एक प्रत म्हणजे काय, हे त्या दिवसांनी या भागाला पुरेसे शिकवले आहे.

पेनड्राइव्हचे दिवस

आता चकत्या मागे पडल्या आहेत. उबुंटूची इमेज २०१२ च्या ऑक्टोबरात, १२.१० या आवृत्तीपासून, सीडीत मावेनाशी झाली. तिची २४.०४ ही आवृत्ती ५ जीबीच्या पुढे गेली, म्हणजे ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीतही ती मावत नाही. नव्या लॅपटॉपांना चकतीचा ड्राइव्हच नसतो. त्यामुळे तीच आयएसओ इमेज पेनड्राइव्हवर उतरवतात.

इथे ते मोकळे सोडलेले पहिले सोळा खण उपयोगी पडले. सीडीला त्यांची गरज नव्हती. संगणक पेनड्राइव्हला मात्र हार्ड डिस्कसारखा वागवतो आणि सुरुवातीची खूण अगदी पहिल्याच जागी शोधतो. सिसलिनक्स प्रकल्पाने २००८ मध्ये 'आयएसओहायब्रिड' ही युक्ती आणली. मोकळ्या खणांत हार्ड डिस्कची खूण बसवायची, सतराव्या खणात सीडीची खूण तशीच ठेवायची. मग एकच इमेज दोन्ही ठिकाणी चालते.

नियम तोच राहतो : फाइल ओढून टाकायची नाही, इमेज उतरवायची. रुफस किंवा बलेना एचर हे प्रोग्रॅम ते करतात. लिनक्समध्ये 'डीडी' हा जुना आदेश आहे. तो वापरताना इमेज सबंध पेनड्राइव्हवर उतरवावी लागते, त्याच्या एखाद्या विभागावर नव्हे. पेनड्राइव्हचे नाव 'एसडीबी' असेल तर 'एसडीबी१' हा त्याचा पहिला विभाग. तिथे उतरवले तर खूण पुन्हा चुकीच्या जागी जाते. आणि नाव लिहिताना पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्कचे नाव गेले तर डीडी काही न विचारता हार्ड डिस्क पुसतो. आदेश देण्याआधी यादी पाहून आकारावरून पेनड्राइव्ह ओळखावा.

आणखी दोन गोष्टी. लिनक्स बराच मजकूर आधी स्मृतीत घेते आणि मागाहून पेनड्राइव्हवर पोहोचवते. काम संपल्यासारखे दिसले तरी तो 'सुरक्षितपणे काढा' म्हणूनच काढावा. आणि काम झाल्यावर तोच पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला तर तो ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का, असा प्रश्न येऊ शकतो. 'हो' म्हणायचे नाही. इमेज व्यवस्थित असते. बाजारात खोट्या क्षमतेचेही पेनड्राइव्ह मिळतात. छापील ६४ जीबी, आत ८. ते लिहिताना तक्रार करत नाहीत, वाचताना बिंग फुटते. इथेही परत वाचून काढलेला ताळाच कामाला येतो.

चालू करताना संगणकाला सांगावे लागते की आधी चकती किंवा पेनड्राइव्ह पाहा. त्यासाठी सुरुवातीलाच एफ२, एफ१२ किंवा डिलीट यांपैकी एक कळ दाबतात; कोणती ते कंपनीप्रमाणे बदलते. लिनक्स सुरू झाल्यावर लगेच बसवू नये. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने २००० साली, हार्ड डिस्कला हात न लावता चकतीवरूनच चालणारे लिनक्स लोकांपुढे ठेवले. ती सोय आज बहुतेक वितरणांत आहे. आवाज, वायफाय, छपाई आणि मराठी टंकलेखन तिथेच तपासून घ्यावे. अगदी जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांबाबत एक सूचना : ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे थांबवले आहे. त्यांना डेबियन १२ पाहावे.

नक्कल करण्याचा हक्क

आमच्या भागात लिनक्स आले ते चकत्यांवरून. कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावर चालणारे कोयनेच्या तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह अलोऱ्यालाच जमिनीखाली आहे. राज्याला इथून वीज गेली, पण इंटरनेट मात्र इथे उशिरा आणि रडतखडत आले. १९९० च्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या; त्या कामात अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा होता. २००३ पासून लिनक्स फॉर यू हे मासिक चकती देऊ लागले. उबुंटूची कॅनॉनिकल कंपनी तर शिपिट या योजनेत मागेल त्याला टपालखर्चासह फुकट सीडी पाठवी. ती योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली.

या चकत्यांची नक्कल करून दुसऱ्याला देणे ही चोरी नव्हती. लिनक्सचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली आहे, त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. तो परवाना नक्कल करण्याचा, बदल करण्याचा आणि वाटण्याचा हक्क देतो; आपण वाटलेल्या प्रतीसोबत घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यायचे, एवढी अट घालतो. बदल करण्याच्या हक्कामुळेच त्यात मराठी आली. पुण्यातल्या रेड हॅटच्या कचेरीत भारतीय भाषांच्या अनुवादाचे काम झाले, लोहित हे खुले टंक तयार झाले. सी-डॅकचे डेबियनवर आधारलेले बॉस लिनक्स २००७ साली आले, त्यात मराठी होती. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठीतही ऐकायला मिळतात.

हक्क आहे म्हणून जबाबदारीही आहे. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार झाल्यावर तीत कोणी आपली ओवी घुसडू नये, असे एकनाथांनी बजावले होते. इथे बदल करायला मनाई नाही. पण बदललेली प्रत मूळ म्हणून खपवायला आहे. शाळेला, वाचनालयाला किंवा शेजाऱ्याला चकती देताना ती कुठून आली आणि तपासली आहे का, हे घेणाऱ्याला कळले पाहिजे.

जुन्या पोथीच्या शेवटी नकलकार शके, तिथी, गाव आणि कोणासाठी लिहिली ते नोंदवत. चकतीच्या पाकिटात किंवा पेनड्राइव्हला बांधलेल्या चिठ्ठीवर तसेच लिहावे : वितरणाचे नाव आणि आवृत्ती, ३२ बिटांचे की ६४ बिटांचे, इमेज कोणत्या संकेतस्थळावरून आणि कोणत्या तारखेला घेतली, ताळ्याची पहिली आठ आणि शेवटची आठ चिन्हे, आणि लिहिल्यानंतर परत वाचून पाहिले की नाही. शेवटच्या नोंदीपुढे 'नाही' असेल, तर ती चकती कोणाला देऊ नये.